गैरहजरांच्या आँटी

आमच्या आँटी चर्चमध्ये कुजबुजल्या, की थेट वेदीवर उभ्या असलेल्या फादरांना ऐकू जायचं. यात त्यांचा काही दोष नव्हता. लकडगंजात त्यांची आरा मशीन होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली, आणि सागाच्या ओंडक्यातून पातं फिरत असताना मजुरांशी बोलायचं म्हणजे ओरडण्याशिवाय गत्यंतर नसतं. तोच आवाज घेऊन त्या रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, यायच्या. मिस्सेच्या सुरुवातीला फादर म्हणतात, आपण आपली पापं आठवू या, आणि सगळे गप्प होतात. त्या शांततेत आख्ख्या चर्चला आँटींचं पाप ऐकू यायचं. "देवा, काल त्या ट्रकवाल्याले लय बोलली मी. माफ कर. पण चूक त्याचीच होती, हे तुलेही माहीत आहे."

आम्ही पोरं तोंडात रुमाल कोंबून बसायचो.

त्या आमच्या यूथ ग्रुपच्या प्रमुख झाल्या, त्याही याच आवाजामुळे. आधी आम्हाला शिकवायला गिटारवाले एक ब्रदर यायचे. त्यांची बदली झाली. फादरांनी वेदीवरून विचारलं, तेरा ते सतरा वयाच्या मुलांना रविवारी दोन तास द्यायला कोणाकडे वेळ आहे? सगळ्यांनी माना खाली घातल्या. आँटी शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "मले तं रविवारी वेळच वेळ आहे वं, मशीन बंद राहते." झालं! फादरांनी तिथल्या तिथे आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आँटी तोंड उघडं ठेवून उभ्या राहिल्या. शाळा त्यांनी नववीतच सोडली होती. ज्या बाईला मुलांना विश्वास शिकवायला नेमलं, तिनं आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता.

पहिल्याच रविवारी त्या लाकडाचे तुकडे भरलेलं पोतं घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातात एक तुकडा, एक काचपेपर. "घासा," म्हणाल्या. कशाला? "घासा तं खरी." आम्ही सतरा जण चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, करकर करणाऱ्या कूलरसमोर तासभर लाकूड घासत बसलो. मला तर वाटलं, बाई आपल्याकडून फुकटात काम करून घेतेय. पण गंमत अशी, की दहा मिनिटांत आम्ही बोलायला लागलो. एरवी "तुम्हाला देवाबद्दल काय वाटतं" असं कोणी विचारलं की आम्ही चपलांकडे बघायचो. आता नजर लाकडावर, हात कामात, आणि तोंडातून भलतंच काही निघायला लागलं. एक पोरगा म्हणाला, माझा बाप दारू पिऊन प्रार्थना म्हणतो तेव्हा मला देवाचाच राग येतो. कोणी घासायचं थांबलं नाही. आँटी म्हणाल्या, "येणारच ना. घास, तिकडून खरखरीत आहे अजून."

पाठ केलेलं उत्तर त्यांना अजिबात चालायचं नाही. "देव प्रेम आहे," असं कोणी म्हटलं की त्या पेन्सिल कानामागून काढून त्याच्याकडे रोखायच्या. "कोणत्या दिवशी? किती वाजता? कोठी? सांग!" तो बिचारा घाम पुसायचा. मग आठवून आठवून सांगायचा, की एकदा पेपर चांगला गेला नव्हता आणि आजीनं काही न विचारता थालीपीठ वाढलं. "हे सांग ना मग! प्रेम आहे म्हणते नुसतं."

आता त्यांच्या वहीबद्दल.

फादर वसईचे. नीटनेटके, शुद्ध बोलणारे. त्यांना हजेरीपट हवा होता. आँटींनी तीन महिन्यांनी वही दाखवली, तर त्यात आलेल्यांचं एकही नाव नव्हतं. तारीख, आणि खाली फक्त जे आले नाहीत त्यांची नावं. फादर म्हणाले, "आँटी, हजेरी म्हणजे उपस्थितांची नोंद असते." आँटी म्हणाल्या, "जो आला तो तं आलाच फादर. त्याले लिहून काय करू?"

आणि ही वही नुसती लिहायची नव्हती. सोमवारी संध्याकाळी मशीन बंद करून, केसांत भुसा तसाच ठेवून, त्या स्कूटीवर बसायच्या आणि रविवारी न आलेल्या प्रत्येक पोराच्या घरी जायच्या. स्कूटीचा हॉर्न कधीचाच गेला होता. त्याऐवजी त्या स्वतःच ओरडायच्या, "ओ भाऊ! सरक ना गा!" दारात येऊन पहिला प्रश्न, "जेवण झालं का तुमचं?" मग बसायच्या, जे असेल ते जेवायच्या, सगळ्यांची विचारपूस करायच्या आणि उठून जायच्या. रविवारी का आला नाहीस, हे चकार शब्दानं विचारायच्या नाहीत! आईबापांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पोरगं आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेलं असायचं. आँटी पांघरुणाकडे बघून म्हणायच्या, "येतो मी," आणि स्कूटी सुरू. पुढच्या रविवारी पोरगं हजर.

पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्या बिल्डिंगमध्ये मजला चुकल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, या शिरल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात. "जय येशू!" म्हणाल्या. "जयभीम, या ना, बसा," खालच्या मावशी म्हणाल्या. मावशींना वाटलं, या आपल्या मुलाच्या रविवारच्या कोचिंगच्या मॅडम असाव्यात. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा, सगळं झालं. हात धुताना आँटींना काय वाटलं कोण जाणे, त्या दिवशी नेमका त्यांनी आपला नियम मोडला आणि विचारलं, "पोट्टं काल काहून नाही आलं?" मावशींचा मुलगा खरोखरच कोचिंग बुडवून क्रिकेट खेळायला गेला होता. तो रडायलाच लागला! सगळं कबूल करून मोकळा झाला. हा सगळा गोंधळ ऐकून मी खाली गेले, तेव्हा खुलासा झाला. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो समोरच होता. मी म्हटलं, आँटी, तो तरी बघायचा. "पाह्यला ना वं. मले वाटलं तुझ्या बाबानं लावला असन. चांगली माणसं, कोणीही लावन." मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून आँटी आमच्याकडे आल्या की आधी पहिल्या मजल्यावर थांबायच्या आणि मग वर यायच्या.

तर या सोमवारच्या भेटीचा आम्ही पोरांनी काय अर्थ लावला असेल? ज्यांच्या घरी आँटी येऊन गेल्या, ते दुसऱ्या रविवारी असे काही मिरवायचे, की जणू लग्नाची वरातच दारावरून गेली. आमच्या हॉलमधल्या कितीतरी पोरांच्या घरी संध्याकाळी कोणीच यायचं नाही. आई दुकानात, बाप ड्यूटीवर. माझी मैत्रीण रोशनी तर आजीजवळ राहायची. तिची आई काटोलला, दुसरं लग्न झालेली. रोशनी दर महिन्याला हिशेबानं एक रविवार आजारी पडायची. सोमवारी आँटी यायच्या, आजीजवळ बसायच्या, रोशनीची वेणी घालून द्यायच्या.

मग एका रविवारी आक्रितच घडलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, काही कट नव्हता. प्रत्येकानं आपापल्या घरी ठरवलं, की या खेपेला आपण जायचं नाही, म्हणजे आँटी येतील. आम्ही सतरा जण, सतराही गैरहजर! आँटींनी पोतं सोडलं, सतरा तुकडे मांडले, आणि कूलर लावून एकट्या दोन तास घासत बसल्या. फादरांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना भरून आलं. ते आत जाऊन म्हणाले, "आँटी, मनाला लावून घेऊ नका. आजची पिढीच तशी आहे." आँटींनी वही पुढे केली. सतरा नावं ओळीनं लिहिलेली. "पिढीचं जाऊ द्या फादर. मले सांगा, सोमवारी सतरा घरी कशी जेवू?"

आणि जेवल्या! सोमवार ते शनिवार, रोज तीन घरं, शेवटच्या दिवशी दोन. शनिवारी आमच्याकडे आल्या तेव्हा पोट धरून खुर्चीत टेकल्या आणि आईला म्हणाल्या, "वैनी, मले फक्त ताक द्या."

हे सगळं मी हसून सांगतेय. पण त्याच वर्षी माझं हसणं बंद झालं होतं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महिन्याभरात दोन-चार तुटके शब्द परत आले, तेवढेच. मी वर्षभर प्रार्थना केली. साधीसुधी नाही, उपास करून, जपमाळ धरून, गुडघे टेकून. काही झालं नाही. आणि प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई माझ्या आईला आमच्याच घरात बसून, आमचाच चहा पिऊन म्हणाल्या, तुमच्या घरात विश्वास कुठेतरी कमी पडतोय. माझं डोकं असं फिरलं! मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. त्या दिवशी ठरवलं, बस झालं हे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचा बाप्तिस्मा आम्ही मांडीवर असताना होतो, तेव्हा आमच्या वतीनं आईबाप हो म्हणतात. पुढे तेरा ते सतराच्या दरम्यान कधीतरी दृढीकरण होतं. बिशप येतात, डोक्यावर हात ठेवतात, कपाळाला पवित्र तेल लावतात, आणि त्या वेळी आपण स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं असतं. मागे खांद्यावर हात ठेवून एक साक्षीदार उभा असतो. आमच्या बॅचचं दृढीकरण मे महिन्यात होतं. सगळी तयारी झाली होती, आईनं पांढरा ड्रेसही शिवून आणला होता. मी आँटींना सांगितलं, "मी येणार नाही. माझा विश्वास नाही, आणि बिशपांसमोर मी खोटं बोलणार नाही."

मला वाटलं, आता या मला समजावतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. आँटी म्हणाल्या, "नको बोलू खोटं." आणि दुसऱ्या मुलाचं लाकूड बघायला गेल्या.

मी ग्रुपला जाणं सोडलं. सोमवार आला आणि स्कूटी वाजली. पुढचा सोमवार, त्याच्या पुढचा. चौदा सोमवार! मी आतून कडी लावायची. त्या बाहेर बाबांजवळ बसायच्या. त्यांच्या उजव्या हातात लाकडाचा गुळगुळीत गोळा द्यायच्या आणि दाबायला लावायच्या. "दाबा भाऊ. जोर लावा. अजून. वा, वा!" तो आवाज बंद दारातून आत यायचाच. चर्च, प्रार्थना, दृढीकरण यांचं नावसुद्धा नाही. मला इतका राग यायचा! भांडायला तरी यावं माणसानं. आई माझ्याशी बोलत नव्हती, फादरांनी दोन वेळा निरोप पाठवला होता, आणि ही बाई बाहेर बसून पिठलं-भाकर खात होती.

तो रविवार उजाडला. नऊ वाजता चर्चमध्ये बिशप येणार होते. आई सकाळच्या ड्यूटीला निघून गेली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. त्या दिवशी तिनं मुद्दाम ड्यूटी मागून घेतली, लोकांचे प्रश्न नकोत म्हणून. मी घरच्या गाऊनवर पोहे करत होते. पावणेनऊला बेल वाजली. दारात आँटी! रेशमी साडी, अंबाड्यात मोगरा, केसांत भुसा नाही. मला त्या क्षणभर ओळखूच आल्या नाहीत.

"काय बनवून राहिली?"

"पोहे."

"दे मग."

त्या बाबांच्या पलंगाजवळ बसून पोहे खायला लागल्या. मी घड्याळ बघत होते. नऊला पाच कमी. नऊ. नऊ वाजून दहा.

"आँटी, बिशप आले असतील."

"हाव, आले असतीन."

"रोशनीची साक्षीदार तुम्हीच आहात ना? तिच्या खांद्यावर कोण हात ठेवेल?"

त्यांनी पोह्यांचा आणखी एक घास घेतला. मी किंचाळलेच, "मग तुम्ही इथं काहून बसल्या? सोळा जण तिकडं आहेत!"

आँटींनी बशी खाली ठेवली. आणि मी पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं. "त्याहिच्यापाशी आज बिशप आहे, फादर आहे, घरचे आहेत. तुह्यापाशी कोण आहे?"

चौदा आठवडे मी देवाच्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर घोकून ठेवलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता. मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. आँटी उठल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त म्हणाल्या, "मीठ जास्त झालं वं जरासं."

"मी हो म्हणणार नाही," मी रडता रडता म्हटलं.

"मी म्हटलं का म्हण म्हणून?"

तेवढ्यात बाबांनी पलंगाच्या कडेवर हात आपटला. उजवा हात! बोटं वाकडी, पण आपटला. आणि त्यांच्या तोंडून तुटक निघालं, "यांना... ने. रोशनी."

मी तशीच गाऊनवर ओढणी टाकून धावले. खालच्या मावशींना वर बाबांजवळ बसवलं, त्या कणकेच्या हातांनीच आल्या. स्कूटी मी चालवली. मागे आँटी बसल्या होत्या, अंबाडा सुटलेला, मोगरा उडतोय, आणि त्या आख्ख्या रस्त्याला ओरडतायत, "सरका ना गा! बिशप वाट पाहून राहिले!" मला लायसन्स नव्हतं. सिग्नल मी बघितले की नाही, तेही आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी रडत होते आणि हसतही होते, आणि वाटत होतं, देवा, उशीर नको होऊ देऊस. आता काही मागायचं नाही असं ठरवलेली मी, त्या दिवशी आठ वेळा तरी मागितलं असेल!

पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. सगळं आटोपलं असणार. पण चर्चमध्ये कोणीही हूं की चूं करत नव्हतं. फक्त कूलरचा आवाज. बिशप खुर्चीत बसलेले, त्यांची उंच टोपी मांडीवर. फादर लालबुंद. आणि पहिल्या बाकावर सोळा जण, हाताची घडी घालून.

रोशनीनं नंतर सांगितलं. तिचं नाव पहिलं पुकारलं, तेव्हा ती उठली नाही. म्हणाली, आँटी आल्याशिवाय मी नाही येणार. दुसऱ्याचं पुकारलं, तोही बसून राहिला. तिसरी, चौथा. फादर हादरले. बिशपांनी विचारलं, या आँटी आहेत तरी कुठं? रोशनी म्हणाली, "सोळा इथं आहोत ना. मग त्या सतरावीकडं गेल्या असतीन." बिशपांनी टोपी काढली आणि म्हणाले, "मग थांबू आपण."

आँटींनी माझं मनगट धरलं आणि मधल्या वाटेनं मला ओढत पुढे नेलं. सगळं चर्च वळून बघत होतं. बिशपांसमोर त्या आपल्या परीनं कुजबुजल्या, "माफी द्या, पोहे गरम होते." शेवटच्या बाकापर्यंत हशा गेला. मग त्यांनी उजवा हात रोशनीच्या खांद्यावर ठेवला. डाव्या हातानं माझं मनगट धरलेलं, ते काही सोडेनात. बिशपांनी रोशनीच्या कपाळावर तेलाचा क्रूस काढला. ती मोठ्यानं हो म्हणाली. मग बिशपांनी माझ्याकडे बघितलं. चुरगळलेला गाऊन, सुजलेले डोळे, हाताला हळद.

"आणि ही?"

"ही अजून हो म्हणत नाही," आँटी म्हणाल्या. अर्थात सगळ्यांना ऐकू गेलं.

बिशपांनी मलाच विचारलं, "मग आज कशी आलीस, बेटा?"

मी खरं तेच सांगितलं. "यांना सोडायला आले."

बिशपांचा तेलाचा अंगठा तसाच वर होता. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "उभी राहा इथंच," आणि पुढच्या मुलाकडे वळले. मी उभी राहिले. एकेक करून सोळाही जण माझ्यासमोरून गेले, कोणी डोळा मारला, कोणी कोपर मारलं, दारुड्या बापाच्या त्या मुलानं तर येता येता माझ्या डोक्यावर टपली मारली. आणि मला छातीत काहीतरी एवढं भरून आल्यासारखं झालं, की मी आनंदानं ओरडेन अशी भीती वाटायला लागली. बाबा बरे झाले नव्हते, त्या बाईंवरचा राग गेला नव्हता, कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. पण मला कोणीतरी शोधत आलं होतं. इतकं साधं होतं ते, आणि ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी कोरड्या कपाळानं घरी गेले. तेल लावून घेतलं ते तीन वर्षांनी, दुसऱ्या बॅचबरोबर, माझ्याहून लहान मुलांच्या रांगेत उभं राहून. माझ्या दृढीकरणाच्या दाखल्यावर तीच तारीख आहे, आणि दाखल्यापुरती ती बरोबरही आहे. माझा विश्वास मात्र त्या तारखेपेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे.